शंभराला त्रेचाळीस

४ फेब्रुवारी

प्रिय नणंदबाई,

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. फोन लावला की तुझा दादा शेजारी येऊन उभा राहतो आणि माझ्या प्रत्येक वाक्यात दुरुस्ती सुचवतो. पत्रात त्याला नाक खुपसता येणार नाही, कारण चष्मा शोधण्याइतका धीर सध्या त्याच्याकडे नाही.

होडीचं तुला माहीत आहेच. निवृत्त झाल्यापासून मागच्या शेडमध्ये प्लायवूडची होडी बांधणं चाललंय. सगळे जोड इपॉक्सीने चिकटवायचे. मोठ्या डब्यात रेझिन, धाकट्या डब्यात हार्डनर, दोन्ही एकत्र केलं की दगड होतो म्हणे. तर त्या इपॉक्सीने तुझ्या दादाला धरलं. आधी मनगटं लाल झाली, मग कोपरापर्यंत पुरळ, आणि गेल्या आठवड्यात डोळे असे सुजले की आरशात बघून तो स्वतःच दचकला. हातमोजे घाल म्हणून मी कंठशोष करत होते, पण साहेबांना मोज्यांत बोटांना "कळत नाही". डॉक्टरांनी आता साफ सांगितलंय, ओलं इपॉक्सी पुन्हा हाताळायचं नाही, पुढच्या वेळी श्वासावर येईल.

मला वाटलं, चला, सुटलो. होडी अर्धवट राहिली, शेड मोकळी होईल, मला ऑर्डरींच्या केकचे डबे ठेवायला जागा होईल. कसलं काय! आता मिसळायचं मी, लावायचं मी, आणि त्याने शेडच्या खिडकीबाहेर उभं राहून ओरडायचं. "कडा खरवड! तळ खरवड! हात चालव गं!" आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या याने, कुणी अडकलं की बाहेरून धीर द्यायची सवय. मला मात्र धीर कमी आणि घाई जास्त देतो.

आता कामाचं. तू रंगाच्या कारखान्यात दिवसभर मोजून मिसळतेस, म्हणून तुला विचारते. डब्यावर दोनास एक लिहिलंय. मी माझा केकचा वजनकाटा शेडमध्ये नेला आणि काटेकोर दोनास एक मोजलं. तरी पुढच्या टोकाचा जोड चार दिवस झाले तरी रबरासारखा आहे, नख रुततं. पक्का झाल्याशिवाय पुढचं काम होत नाही, म्हणून हा घरात येरझाऱ्या घालतोय. काय चुकलं?

आणि हो, होडी पाण्यात उतरली की तो निघणार म्हणतो. कुठे ते सांगत नाही. नुसतं "बघू" म्हणतो.

तुझी,
वहिनी

---

१३ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि एकटीच हसत सुटले. शेजारची विचारते, काय झालं? म्हटलं, आमच्या वहिनीने केकसारखी होडी केली.

अगं, दोनास एक हे मापाने. म्हणजे दोन पेले रेझिन, एक पेला हार्डनर. तू काट्यावर ठेवलंस. हार्डनर हलकं असतं, तेवढ्या वजनात ते जास्त बसतं. तू हार्डनर जादा घातलंस. काट्यावरच मोजायचं असेल तर शंभर ग्रॅम रेझिनला त्रेचाळीस ग्रॅम हार्डनर. दर डब्याचं थोडं वेगळं असतं, पण तुमच्या कंपनीचं आमच्याकडेही येतं, त्यामुळे हा आकडा डोळे मिटून घे.

आणखी ऐक. एका वेळी थोडंच कर. खोल भांड्यात जास्त केलंस तर आपोआप तापतं, धूर येतो, तुझी धांदल उडेल. पसरट ट्रेमध्ये ओत. कडा आणि तळ खरवड, दादा ओरडतो ते बरोबर आहे, हे त्याला सांगू नकोस. लवकर वाळावं म्हणून हार्डनर वाढवायचं नाही. कमी तर मुळीच नाही. कमी पडलं तर ते कधीच वाळत नाही, महिना जाऊ दे, वर्ष जाऊ दे, गुळासारखं चिकट राहतं. मग खरवडून काढण्यावाचून गती नाही. आमच्याकडे एका नव्या मुलीने असं अख्खं पिंप घालवलं होतं.

दादा जाऊन जाऊन जाणार कुठे? तलावाला एक चक्कर मारून जेवायला घरी. मला आठवतं, लहानपणी सायकलवर जग फिरायला निघाला होता, कोपऱ्यावर चेन पडली म्हणून परत आला. तू जीव घाबरा करून घेऊ नकोस. हातमोजे मात्र घाल, दोन-दोन घाल. तुलाही धरलं तर तुम्ही दोघं खिडकीबाहेर उभे राहून कुणावर ओरडणार?

तुझी,
नणंदबाई

---

२ मार्च

प्रिय नणंदबाई,

त्रेचाळीसचं जमलं. तो रबरासारखा जोड खरवडून पुन्हा लावला, पक्का झाला. होडीचा तळ उलटा करून त्यावर काचेच्या धाग्यांचं कापड अंथरलं, वरून इपॉक्सी. पारदर्शक झालं, लाकडाच्या रेषा अशा दिसायला लागल्या की मीच हात फिरवत बसले. दुसऱ्या दिवशी टकटक वाजवलं तर काचेसारखं कडक. तुझा दादा खिडकीतून बघून म्हणाला, "वा." एवढंच. पण मी ते ऐकलं.

त्यानंतर मात्र पुन्हा तेच. आतल्या आडव्या पट्ट्या लावल्या, चिकट राहिल्या. खरवडल्या, पुन्हा लावल्या, वाळल्या. मग बैठकीची फळी, चिकट. मग वरची कडा, चिकट. तुझा दादा थंडीला दोष देतो. शेडमध्ये हीटर आणलाय, मोठे दोन दिवे टांगलेत. मग डब्यांना दोष दिला, नवे डबे आणले. आता म्हणतो, शेडला ओल आहे. पण मला एका शब्दाने बोलला नाही. उलट काल म्हणाला, "तू दमलीस, चार दिवस राहू दे." मला अन्नच गोड लागेना.

त्याचे पाय एका जागी ठरत नाहीत. चहा घेताना उभा. जेवताना उठून शेडकडे बघून येतो. परवा जेवणाच्या टेबलावर मोठा नकाशा पसरला, किनाऱ्या-किनाऱ्याने बोट सरकवत बराच वेळ बसला. बोट सरकत सरकत टेबलाच्या कडेपर्यंत गेलं. म्हटलं, एवढं लांब? तर म्हणे, "पाच-सहा महिने लागतील, जास्तही. आयुष्यभर वर-खाली, वर-खाली केलं. आता मला सरळ जायचंय." आणि झोपायची जागा एकच केलीये होडीत. मी मोजली.

तर सांग, चिकट राहण्याची आणखी काय काय कारणं असतात? तो विचारतो, म्हणून विचारते.

तुझी,
वहिनी

---

९ मार्च

वहिनी,

हे पत्र दादाच्या हाती पडू देऊ नकोस.

माझं कामच हे आहे. रंग बिघडला म्हणून परत आलेला डबा उघडायचा आणि कुणाचं काय चुकलं ते सांगायचं. नीट ढवळलं नाही तर एक ठिपका कडक, एक मऊ, असं होतं. तुझं सगळीकडे सारखं मऊ आहे. थंडीने सगळेच जोड रेंगाळतात, तुझे मधलेच नेमके वाळतात. आणि हात चुकतो तेव्हा कधी जास्त पडतं, कधी कमी पडतं. तुझं पहिल्या वेळेनंतर कायम कमीच पडतंय. एकाच बाजूला चुकणारा हात चुकत नसतो.

केकमध्ये चिमूटभर बेकिंग पावडर इकडची तिकडे होऊ न देणारी बाई तू. तुझ्या हातून तीन-तीनदा त्रेचाळीस चुकणार नाही. तू हार्डनर मुद्दाम कमी घालतेस. आणि कमी घातलं की काय होतं, हे मीच तुला बयाजवार लिहून कळवलं. हसत हसत लिहिलं होतं. स्वतःचा राग आला.

का करतेस ते कळलं. तुझ्या मागच्या पत्रातलं ते नकाशाचं वाचून मलाही आत कुठेतरी हललं. तो खरंच जाणार आहे, आणि मी त्याच्या सायकलवर विनोद करत बसले.

पण वहिनी, चिकट राहिलेला जोड हाताला कळतो. थोडंसंच कमी पडलेला कळत नाही. वरून कडक वाटतो आणि पाण्यात, लाटेच्या मारात उघडतो. दादा एकटा असेल तेव्हा. खरं सांग, तळाला काय घातलंस? हे मला उलट टपाली कळलं पाहिजे.

तुझी,
नणंदबाई

---

२६ मार्च

वहिनी,

दोन आठवडे झाले. फोन केला तर दादा म्हणतो, तू ऑर्डरीत आहेस. मग स्वतःच म्हणाला, काम जोरात आहे, आता सगळं वाळतंय. बरं वाटावं की धडकी भरावी, मला कळेना. कारखान्यात आज दोनदा चुकीचा रंग दिला.

मी त्याला काही सांगितलेलं नाही. तुझ्यामागे सांगणारही नाही. पण तो पाण्यात उतरायच्या आत तू सांगितलं नाहीस, तर मला तोंड उघडावं लागेल. एक ओळ तरी लिही.

---

६ एप्रिल

प्रिय नणंदबाई,

तुझं पत्र पिठाच्या डब्यामागे ठेवलं होतं आणि रोज बघत होते. रागवू नकोस. तू ओळखलंस याचा आधी संताप आला, मग इतकं हलकं वाटलं की खुर्चीत बसून राहिले, ओव्हनमधला केक करपला.

पहिली चूक खरीच चूक होती. पण त्या चुकीने चार दिवस तो घरात होता. चिडलेला, येरझाऱ्या घालणारा, पण घरात. मग तुझं पत्र आलं. पट्ट्या लावताना मी काट्याकडे बघत हार्डनर ओतत होते, आणि तीस ग्रॅमवर हात थांबला. मी थांबवला नाही, नुसता थांबला, असं आधी स्वतःला सांगितलं. नंतर तेही सांगायची गरज उरली नाही. त्याला नाही म्हणायला मला शब्द सुचत नव्हते, हे सोपं होतं. चार दिवस सरायचे, खरवडायचं, पुन्हा चार दिवस. वाटायचं, असं करत करत उन्हाळा सरेल, मग थंडी येईल, मग त्याचं वय होईल.

तळाला मी काही केलेलं नाही. पट्ट्या, फळी, वरची कडा, जे हाताला कळेल आणि खरवडता येईल तेवढंच बिघडवलं. पाण्याखाली जाणाऱ्या जोडाला माझा हात धजला नाही. तिथे मी दोनदा वजन करत होते. हे खरं आहे. पण तुझं पत्र वाचल्यावर मलाच माझा भरवसा वाटेना. जी बाई तिसावर थांबते, तिने त्रेचाळीस म्हटलं तर कोण ऐकेल?

मधल्या काळात सगळं नीट मिसळलं. होडी पुरी होत आली. आणि काल त्याला सांगितलं. तो खिडकीबाहेर होता, मी आत होते, हातात ब्रश. सगळं सांगितलं. ओरडेल म्हणून वाट बघत होते. तो ओरडला नाही. "तळाला?" एवढंच विचारलं. म्हटलं, तळ पक्का आहे, तुझी शपथ. तो माझ्याकडे बघत राहिला. लग्नाला इतकी वर्षं झाली, असा कधी बघितला नव्हता, जसं काही मी घरात शिरलेली कुणी तिऱ्हाईत बाई.

आज सकाळी तोंडाला मास्क लावून, लांब हातमोजे घालून तो शेडमध्ये गेलाय. डॉक्टरांनी धुळीचंही बजावलंय. मी अडवलं तर बाजूला केलं मला. करवतीचा आवाज येतोय. मी इथे टेबलाशी बसून तुला लिहितेय आणि प्रत्येक आवाजाला पेन थांबतंय. तो तळ कापतोय गं.

तुझी,
वहिनी

---

११ एप्रिल

चि. धाकटीस,

मला पत्र लिहिता येत नाही, तुला ठाऊक आहे. पण फोनवर बोललो तर तिला ऐकू जाईल, म्हणून लिहितो.

तळ कापला. चार ठिकाणी, हाताचा पंजा जाईल एवढी भोकं. तुकडे काढले, पकडीत धरून जोड उघडायला गेलो. जोड उघडला नाही. चारही वेळा लाकूड फाटलं, चिकटवलेलं तसंच राहिलं. याच्याहून पक्का जोड मी पाहिलेला नाही.

ती शपथ घेऊन सांगत होती आणि मी कापत होतो.

डोळे पुन्हा सुजलेत. औषध चालू आहे. ती वेळेवर गोळी आणून देते, पाण्याचा पेला ठेवते, जाते. बोलत नाही. मी रागावलेला आहे की तीच, हेच मला कळेनासं झालंय. तिने मला फसवलं यात शंका नाही. आठवडेच्या आठवडे मी हीटर हलवत बसलो. पण जिथे बुडालो असतो तिथे तिने फसवलं नाही, आणि मी नेमका तिथेच करवत घातली.

आता भोकं बुजवायची तर इपॉक्सी लागणार, आणि मला हात लावता येत नाही. कुणी कारागीर आणवत नाही मला. तू तिला लिही, मिसळ म्हणावं. तुझं ऐकेल.

दादा

---

१७ एप्रिल

दादा,

मी लिहिणार नाही.

वहिनीने तुला जाऊ नको म्हणायच्या ऐवजी हार्डनर कमी घातलं. तू तिला सॉरी म्हणायच्या ऐवजी मला पत्र घातलंस. तुमचं हे सगळं मिसळणं माझ्या टेबलावर कशाला? खिडकी आहे ना तुमच्याकडे? जा, तिथे उभा राहा आणि स्वतः विचार.

आणि एक. पाच-सहा महिने जातोयस, हे तू तिला नकाशावर बोट ठेवून सांगितलंस. का जातोयस ते सांगितलंस का? मला नको सांगूस. तिला सांग. तुझ्यावर मी रागावले आहे, तिच्यावरही आहे, आणि रोज टपाल आलं का बघायला दोनदा खाली जाते.

डोळ्यांना थंड पट्ट्या ठेव.

धाकटी

---

५ मे

प्रिय नणंदबाई,

तू त्याला काय लिहिलंस ते त्याने दाखवलं नाही, पण पत्र वाचून तो पोर्चमध्ये खूप वेळ बसून राहिला. बसून राहिला म्हणते मी, तुझा दादा!

मग चार-पाच दिवस काहीच नाही. मी केक करत होते, तो शेडच्या कुलपाशी खुडबुड करत होता. एका दुपारी मी उगाच शेडमध्ये गेले, भोकं बघायला. चारही भोकांतून उजेड येत होता. खिडकीशी सावली पडली. म्हणाला, "मी तुझं खरं मानलं नाही. चुकलं माझं." मग थांबून म्हणाला, "मिसळशील का?"

म्हटलं, आधी सांग, का जातोस? माझा कंटाळा आलाय का? असेल तर तेही सांग, मी हातात हार्डनर धरलेलं नाही.

 लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाला बाहेरून बोलायची सवय असलेला माणूस, स्वतःचं बोलायला त्याला एक एक शब्द ओढून काढावा लागत होता. म्हणाला, कंटाळा नाही. निवृत्तीनंतर सकाळी उठलं की छातीवर काहीतरी बसतं आणि दिवस सरेपर्यंत उठत नाही. कुणी बोलावत नाही, काही बिघडत नाही, दुरुस्त करायला काही नाही. होडीला हात लावला की ते उठतं. "तुझ्यापासून जात नाही गं," म्हणाला, "पण तुझ्यासाठी थांबावं म्हटलं तर तेही होत नाही माझ्याच्याने."

लागलं मला. खूप लागलं. पण खोटं नव्हतं, आणि किती दिवसांनी आमच्यात काहीतरी खोटं नव्हतं. म्हटलं, हे जानेवारीत सांगितलं असतंस तर मी पहिल्याच दिवशी तुला चार शिव्या घातल्या असत्या आणि नीट मिसळलं असतं. तो हसला. मग म्हणाला, तूही चल. उशिरा म्हणाला आणि रीत म्हणून म्हणाला, हे त्यालाही कळलं, मलाही कळलं. म्हटलं, मला पाण्यात मळमळतं, माझ्या ऑर्डरी आहेत, आणि मला जायचं नाहीये. तू जा.

मग वजनकाटा काढला. तो म्हणाला, मी बघत नाही, तू मोज, आणि खिडकीकडे पाठ करून उभा राहिला. मी म्हटलं, वळ. बघ. मला तुझा भरवसा भीक म्हणून नको. तर वळला, आणि काचेला नाक लावून आकडा वाचला. रेझिनचा वाचला, हार्डनरचाही वाचला. आतून तिरक्या कडांचे तुकडे बसवले, वरून काचेच्या कापडाचे तीन-तीन थर दिले, प्रत्येक वरचा खालच्यापेक्षा मोठा. ब्रशने हवा काढून टाकली. एकही बुडबुडा राहू दिला नाही. तो बाहेरून एकदाही ओरडला नाही, त्यामुळे मला काम करायला चमत्कारिकच वाटलं.

दुसऱ्या दिवशी नख लावून पाहिलं. नखच वाकलं. तो परवा निघतोय. दर बंदरावरून फोन करणार म्हणालाय, करेल किंवा नाही करणार. मी रोज बघेन, तू टपाल बघतेस तशी.

एक तुलाच सांगते. ती चार भोकं मी त्याला जाता यावं म्हणून बुजवली, आणि बुजवताना हात एकदाही थांबला नाही. रडत मात्र सगळा वेळ होते. गॉगल आणि मास्कमुळे बाहेर त्याला काही दिसलं नाही, आणि मोजे इपॉक्सीने माखलेले, त्यामुळे मलाही डोळे पुसता येईनात.

तुझी,
वहिनी